जळगाव–मुंबई : ३५६ किलोमीटर, व्हाया नशिराबाद

जळगाव ते मुंबई विमानाने किती अंतर? हा प्रश्न इंटरनेटवर विचारला की एका सेकंदात उत्तर येतं आणि आपण ते मुकाट्याने मान्य करतो. पण शनिवारची दुपार आहे, चहा झालेला आहे, तर हे गणित एकदा हातानेच करून बघू. फार अवघड नाही, दहावीचा पायथागोरस पुरतो.

मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ पूर्व. जळगावचा २०.९६ उत्तर, ७५.६३ पूर्व. म्हणजे अक्षांशात फरक १.८७, रेखांशात २.७६. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश ध्रुवाकडे जाताना आक्रसत जातो, आपल्या पट्ट्यात तो १०४-१०५ भरतो. गुणाकार केला की उत्तरेकडे २०८ किमी आणि पूर्वेकडे २८८ किमी. वर्ग, बेरीज, वर्गमूळ : ३५६. पृथ्वी गोल आहे हे लक्षात घेऊन रीतसर हॅवरसाइनचं सूत्र लावलं तरी एवढ्या अंतरावर उत्तरात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. ए.टी.आर. जातीचं पंख्याचं विमान ताशी पाचशेच्या आसपास उडतं. ३५६ भागिले ५००, म्हणजे त्रेचाळीस मिनिटं.

झालं की! प्रश्न संपला!

पण मग जळगावच्या माणसाला विचारा, बाबा रे, मुंबईला कसा जातोस? दहातले नऊ सांगतील, रात्रीच्या गाडीने. त्रेचाळीस मिनिटांचा रस्ता उपलब्ध असताना हा माणूस सात तासांच्या रस्त्याने का जातो? आणि ही विमानसेवा दर दोन-तीन वर्षांनी बंद पडून पुन्हा नव्या कंपनीच्या नावाने सुरू का होते? याचं उत्तर शोधायला लागलो आणि दोनशे वर्षं मागे गेलो. वाटेत नशिराबाद लागलं, आणि खरी गोष्ट तिथेच आहे असं माझं मत झालं.

नशिराबाद माहीत नसेल तर सांगतो. जळगावहून भुसावळकडे महामार्गाने निघालात की दहाएक किलोमीटरवर लागतं. बाहेरच्या लोकांना तिथली सिमेंटची फॅक्टरी तेवढी माहीत असते. पण एकेकाळी हे गाव जळगावपेक्षा मोठ्या मानाचं होतं. इंग्रजी अमदानीत खानदेश जिल्ह्याचे जे तालुके पाडले त्यातल्या एकाचं नावच नशिराबाद तालुका. जळगाव हे त्या नशिराबाद तालुक्यातलं एक गाव! गावात काचेच्या बांगड्या बनत. पैसा असणार, कारण लुटारूंनाही गावाचा पत्ता चांगलाच पाठ होता. सातमाळ्याच्या डोंगरातल्या भिल्लांनी ते अनेकदा लुटलं. १८०१ मध्ये जुबा नावाच्या एका बंडखोराने लुटलं, आणि १८०३ च्या मोठ्या दुष्काळाच्या तोंडावर खुद्द पेशव्यांच्याच एका अंमलदाराने लुटलं. (रिकाम्या गावावर कोणी दोनदा येत नाही.)

त्या काळात मुंबई किती लांब होती? किलोमीटरमध्ये तेवढीच, दिवसांत बघू. भरलेली बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालते. मुंबईपर्यंत वाटेने सव्वाचारशे किलोमीटर धरले तर सतरा ते एकवीस दिवस, तेही एक दिवस न थांबता. मध्ये घाट, नद्या आणि पाऊस धरला तर महिना कुठेच गेला नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीचं चाक रुतलं की गणित सोडूनच द्यायचं.

अंतराचा हिशेब तेव्हाही राजकारण ठरवत होताच. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा कारभारी होऊन आला. त्याने जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळं निवडलं. धुळं तेव्हा काही फार मोठं शहर नव्हतं. पण ते जिल्ह्याच्या बऱ्यापैकी मध्यावर होतं आणि मुंबई-आग्रा वाटेवर होतं. रस्ता हातात असला की जिल्हा हातात. त्या एका निर्णयावर धुळं पुढची दोनशे वर्षं शहर म्हणून जगलं.

नशिराबादच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. तिथे रस्त्याच्या ऐवजी रूळ आले, आणि आले ते बाजूने.

ग्रेट इंडियन पेनिनशुला रेल्वे १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला खानदेशात शिरली. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोचली. कसाऱ्याचा थळ घाट मात्र मागे राहिला होता. तिथे चढ ३७ फुटांत एक फूट, आजही गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. तो घाट १ जानेवारी १८६५ ला खुला झाला आणि मग मुंबई ते भुसावळ सलग रूळ झाले. या रुळांवर जळगावला स्टेशन मिळालं. जळगाव आणि भुसावळच्या मध्ये भादलीला मिळालं. नशिराबादला नाही. भादली स्टेशनपासून नशिराबाद दोन मैल दक्षिणेला.

दोन मैल! आज आपण त्याहून जास्त चालत जिमला जातो (किंवा गाडीने जिमला जाऊन तिथल्या पट्ट्यावर चालतो). पण कापसाच्या गाठींना दोन मैल म्हणजे बैलगाडी, हमाली, चढउतार आणि एक दिवस. आणि वेळ तरी कुठली? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चाललेली. तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. खानदेश म्हणजे कापसाचं कोठार. ज्या गावात स्टेशन तिथे व्यापारी, तिथे जिनिंग-प्रेसिंग, तिथे पेढ्या. जळगाव फुगायला लागलं. १८७० च्या दशकात तिथे कापडगिरणी उभी राहिली. १९०१ च्या शिरगणतीत नशिराबादची वस्ती बारा हजारांच्या पुढे होती, जळगावची सोळा हजारांच्या. म्हणजे फरक अजून फार नव्हता. पण १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खानदेशाचं ठाणं कुठे, हा प्रश्न कोणाला पडायचं कारणच उरलं नव्हतं. तालुक्याचं नावही नशिराबादकडून जळगावकडे गेलं. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर साडेचार लाखांच्या वर गेलं होतं. नशिराबाद आता जळगावजवळचं एक गाव म्हणून सांगावं लागतं.

मला या गोष्टीतलं मर्म हे वाटतं : नशिराबाद आणि मुंबईमधलं अंतर रेल्वेने जळगावइतकंच कमी केलं होतं. गाडी तर शिवारापासून हाकेच्या अंतरावरून जात होती. पण थांबत नव्हती.

रेल्वेने वेळ किती कमी केला ते बघायला एक मजेशीर साधन आहे. ज्यूल व्हर्नची 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' ही कादंबरी. त्यातला फिलिअस फॉग १८७२ साली रात्री आठला मुंबईहून निघतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला बऱ्हाणपूरला पोचतो. मुंबई-बऱ्हाणपूर रेल्वेने सुमारे ५०० किमी, म्हणजे ताशी तीस. त्या हिशेबाने जळगाव चौदा तासांवर. कादंबरी आहे, टाइमटेबल नव्हे, हे मान्य. पण घाट चढणाऱ्या त्या काळच्या गाडीला हा वेग शोभतो. वीस दिवसांवरून चौदा तास! यापुढे खानदेश आणि मुंबईमधल्या वेळेत एवढी मोठी झेप पुन्हा कधीच झाली नाही. चौदाचे सात व्हायला जवळजवळ एक शतक लागलं, आणि विमानाने काय केलं ते पुढे येतंच आहे.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण प्रोग्रॅमर माणसाला टाइमझोन दिसला की राहवत नाही. त्या काळात फॉगने जळगावला घड्याळ लावलं असतं तर कुठल्या वेळेवर? जळगावचा सूर्य मुंबईच्या अकरा मिनिटं आधी डोक्यावर येतो (रेखांशातला फरक २.७६ गुणिले ४ मिनिटं). म्हणजे गावाची वेळ वेगळी. मुंबईची 'बॉम्बे टाइम' वेगळी. आणि रेल्वे चालायची 'मद्रास टाइम'वर, जी मुंबईच्या अर्धा तास पुढे! स्टेशनचं घड्याळ जळगावच्या उन्हाच्या एकोणीस मिनिटं पुढे. सूर्य बघून घरून निघालेल्या किती जणांच्या गाड्या चुकल्या असतील देव जाणे. १९०५ मध्ये रेल्वेने आणि १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ घेतली. मुंबई शहर मात्र हट्टाने १९५५ पर्यंत आपलीच वेळ लावून बसलं होतं. असो.

आता विमानाकडे येऊ. खानदेशाच्या आकाशात विमान तसं लवकर आलं. टाटांच्या विमान कंपनीने नोव्हेंबर १९३७ मध्ये मुंबई-दिल्ली मार्ग सुरू केला. मधले थांबे इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर. तिन्ही संस्थानांच्या राजधान्या, हा योगायोग नसावा. नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-इंदूर रेघ ओढा. ती आजच्या धुळे जिल्ह्यावरून, साक्रीच्या आसपासून जाते. साक्रीच्या शेतकऱ्याने मान वर करून पाहिलं असेल, विमान गेलं असेल, आणि त्याने पुन्हा मान खाली घातली असेल. भादलीची गाडी जशी नशिराबादला दिसायची, तसंच.

जळगावला धावपट्टी झाली १९७३ मध्ये, राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधलेली. जागा कुसुंब्याची, अजिंठा रस्त्याला लागून. नशिराबादपासून सरळ रेषेत मोजलं तर पाचेक किलोमीटर. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी जे स्टेशन दोन मैलांवरून निघून गेलं, त्याची थोडीशी भरपाई झाली म्हणा! १९९७ मध्ये ही धावपट्टी जळगाव नगरपालिकेकडे गेली. २००७ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आली, पुढे विमानतळ प्राधिकरणाने घेतली. २०१० मध्ये नव्या बांधकामाची पायाभरणी झाली आणि २३ मार्च २०१२ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी विमानतळाचं उद्घाटन केलं. प्रतिभाताई याच जिल्ह्यातल्या. टर्मिनल चकाचक, पार्किंग प्रशस्त. फक्त विमान नाही. पुढची पाच वर्षं तिथे नेत्यांची खाजगी विमानं आणि हेलिकॉप्टरं तेवढी उतरली, सामान्य माणसाला तिकीट काढून बसता येईल अशी एकही नियमित फेरी नाही.

ती आली 'उडान' योजनेमुळे. या योजनेत सुरुवातीला अंतर, वेळ आणि भाडं यांचं एक थेट समीकरण होतं : एका तासाचा, म्हणजे अंदाजे ५०० किलोमीटरचा प्रवास, त्याला २५०० रुपये. निम्म्या जागा या दराने विकायच्या, कंपनीचा तोटा सरकारने तीन वर्षं भरून द्यायचा. त्यातून डिसेंबर २०१७ च्या अखेरीला एअर डेक्कनचं अठरा-एकोणीस आसनांचं बीचक्राफ्ट जळगावहून मुंबईला उडालं. वर्ष सरायच्या आत ती सेवा कोलमडली. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आली, अहमदाबाद-जळगाव-मुंबई, बहात्तर आसनांच्या ए.टी.आर. ने. सहा महिने बरे गेले आणि मार्च २०२० मध्ये कोविडने देशातली सगळीच विमानं जमिनीवर बसवली. पुन्हा सुरू झाली, रखडली, आणि २०२२ च्या सुरुवातीला ट्रूजेट कंपनीच बसली. २०२४ मध्ये फ्लाय-९१ ने गोवा, हैदराबाद आणि पुणे जोडलं आणि अलायन्स एअरने पुन्हा मुंबई.

आता मूळ प्रश्न. त्रेचाळीस मिनिटं जातात कुठे?

पहिली गोष्ट, विमान कंपनीच्या वेळापत्रकात त्रेचाळीस मिनिटं कधीच छापत नाहीत. तिथे असतो 'ब्लॉक टाइम'. चाकाखालचे ठोकळे निघाले तिथपासून दुसऱ्या विमानतळावर ठोकळे लागले तिथपर्यंत. त्यात जमिनीवर रांगणं आलं, चढणं आलं, उतरणं आलं आणि मुंबईच्या आकाशात घिरट्या घालणं आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर ८ डिसेंबर २०१८ ला चोवीस तासांत १००७ विमानांची ये-जा झाली होती. म्हणजे दीड मिनिटाला एकाहून जास्त! अशा रांगेत एकोणीस आसनांच्या विमानाला जागा द्यायची तर तेवढ्याच वेळात एकशे ऐंशी आसनांचं विमान थांबवावं लागतं. एअर डेक्कनची मुख्य रड हीच होती, मुंबईत सोयीच्या वेळेचा स्लॉट मिळेना. जळगावला धावपट्टी रिकामी पडलेली आणि दुसऱ्या टोकाला मिनिटभर जागा नाही. दोन विमानतळांमधला प्रवास दोघांपैकी जास्त तुंबलेल्या विमानतळाच्या मर्जीवर चालतो, लहानाच्या नाही.

म्हणून त्रेचाळीस मिनिटांचा तासाहून अधिक होतो. त्यात घरून निघून तासभर आधी पोचणं मिळवा. मुंबईत उतरून बॅग घेऊन बाहेर पडणं मिळवा. आणि मग सांताक्रूझहून ठाण्याला किंवा फोर्टात जाणं मिळवा, ज्याबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही सगळे जाणतेच आहात. दारापासून दारापर्यंत चार तास धरा, कमी नाही.

रेल्वे ४२० किलोमीटर जाते, विमान ३५६. फरक फक्त अठरा टक्के! घाट असूनही साहेबाने रूळ इतके सरळ टाकले आहेत की विमानाला वळसा वाचवायला वावच ठेवलेला नाही. गाडीला साडेसहा-सात तास लागतात, पण ते कुठले तास? अमरावती किंवा विदर्भ एक्सप्रेस जळगावला रात्री येते. जेवून, भरीत-भाकरीचा डबा उरलाच तर बरोबर घेऊन, माणूस बर्थवर आडवा होतो आणि पहाटे दादरला उतरतो. प्रवासाचे तास मोजण्याऐवजी जागे तास मोजले तर गाडी दोन तासांत मुंबईला नेते आणि विमान चार तासांत. शिवाय विमानाची वेळ दुपारची असेल तर अख्खा दिवस गेला. मंत्रालयातलं काम सकाळी अकराला असतं, ते विमानाच्या स्लॉटसाठी थांबत नाही. बरं, दरही बघा. स्लीपरच्या तिकिटाशेजारी २५०० रुपये ठेवले की पुढे बोलायची गरज राहत नाही.

विमानसेवा बंद पडली की 'खानदेशावर अन्याय' असे मथळे येतात. अन्याय बरेच झाले असतील, पण हा मार्ग मुळातच रेल्वेने जिंकलेला आहे. १८६५ लाच.

मला रस आहे तो पुण्यात. हेच गणित पुण्यासाठी करा. जळगाव-पुणे विमानाने सरळ रेषेत ३१९ किलोमीटर. रेल्वेने मनमाड, नगर, दौंड करत सुमारे ४७०. जवळजवळ दीडपट! साहेबाने सगळे रूळ मुंबईकडे ओढले, कारण कापूस मुंबईला जायचा होता. जळगावहून पुण्याला कोणाला जायचं होतं? आज मात्र जायचं आहे. हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात 'काय रे भो' ऐकू आलं नाही असा मजला सापडणार नाही. चिंचवड-निगडीत आमच्याकडच्या माणसांच्या सोसायट्याच्या सोसायट्या आहेत. ही सगळी मंडळी शुक्रवारी रात्री खाजगी ट्रॅव्हल्सने निघतात. साडेतीनशे-चारशे किलोमीटर, संभाजीनगरमार्गे, आठ-नऊ तास. एका दिवाळीत आमची बस रात्री दोनला एका ढाब्यावर टायर बदलायला थांबली आणि पहाटे पाचला निघाली. पुन्हा डोळा लागला नाही. म्हणजे तिथे जागे तास मोजले तर बस गाडीइतकी स्वस्त पडत नाही, आणि विमानाला खरी संधी तिथे आहे. अहमदाबाद (३८८ किमी), हैदराबाद (५०८) आणि गोवा (६१०) यांचंही तेच. जिथे रूळ वाकडे आहेत तिथे विमान सरळ जाऊन काहीतरी कमावतं.

फक्त वेळ हवी आमच्या सोयीची. शुक्रवारी संध्याकाळी सातनंतर पुण्याहून सुटणारं आणि सोमवारी सकाळी सातच्या आत जळगावहून निघणारं विमान द्या, बाकी मार्केटिंग आम्ही फुकट करू. पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा, तिथेही नागरी विमानांच्या वेळांना मर्यादा, हे आहेच. मुंबईच्या बाबतीतही एक बदल झाला आहे : डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुटू लागली. तिथून जळगाव मोजलं तर ३४६ किलोमीटर, दहाने कमी. त्या दहा किलोमीटरचं काही नाही हो, तिथे सकाळचा स्लॉट मिळू शकतो हे महत्त्वाचं. पण पनवेलहून पुढे फोर्टात जायचं कसं, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

दरम्यान २०२१ मध्ये प्राधिकरणाने वैमानिक शिकवणाऱ्या संस्थांसाठी देशातले पाच विमानतळ निवडले, त्यात बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारीबरोबर जळगाव आहे. कारण तिथे आकाश मोकळं आहे आणि धावपट्टीवर गर्दी नाही. म्हणजे प्रवासी मिळत नाहीत या दुःखाची तेवढी तरी कमाई. शिकाऊ विमानांना कुठेच जायचं नसतं. ती कुसुंब्याहून उठतात, वळसा घेतात आणि जिथून निघाली तिथेच परत उतरतात.